मागून पाहायची मोटार : अमेरिकन स्टेशन वॅगनची ओळख

अमेरिकन स्टेशन वॅगन ही मुळात सेडान मोटारच. तिचा टप डिकीच्या टोकापर्यंत मागे न्यायचा, मागची बैठक आणि डिकी यांच्यामधली आडभिंत काढायची, दोन्ही बाजूंना लांब काचा बसवायच्या आणि शेवटी, जिथे डिकीचे झाकण असते तिथे, उभे दार लावायचे. बोनेट, इंजिन, डॅशबोर्ड आणि पुढची दारे त्याच कंपनीच्या सेडानची असत. वेगळेपण सुरू होई ते मधल्या खांबाच्या मागे. या गाड्यांतला सर्वांत मोठा आकार म्हणजे ‘फुल-साइज’, आणि त्या आकाराचा कळस १९७१ ते १९७६ या वर्षांत जनरल मोटर्सने गाठला. त्यांतली ब्युइक इस्टेट घेतली तर लांबी सुमारे ५.८ मीटर, रुंदी दोन मीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १२७ इंच म्हणजे जवळजवळ सव्वातीन मीटर, वजन सव्वादोन टनांच्या वर आणि इंजिन साडेसात लिटरचे. पुण्याला ओळखीची असलेली ॲम्बॅसडर ४.३ मीटरची होती, प्रीमियर पद्मिनी चार मीटरही नव्हती. नारायण पेठेत मोदी गणपती ते पत्र्या मारुती या टापूतल्या एखाद्या बोळात ही ब्युइक शिरली, तर ती वळवण्याचा विचार सोडून सरळ मागे घ्यावी लागेल. सम-विषम तारखांच्या पार्किंगमध्ये तिला दोन गाड्यांची जागा लागेल ते वेगळेच.

या गाडीकडे बहुतेक लोक पुढून पाहतात, कारण मोटार पुढून पाहायची सवय असते. पुढून पाहिल्यास क्रोमची जाळी आणि दोन दोन दिव्यांच्या जोड्या दिसतात. त्या सेडानवरही होत्या. पन्नास वर्षे अमेरिकन अभियंत्यांनी डोके लढवले ते गाडीच्या मागच्या दीड मीटरवर. सामान आत कसे घालायचे, मुले कुठे बसवायची, काच कुठे लपवायची, धूळ आणि धूर आत येण्यापासून कसा रोखायचा, हे सगळे प्रश्न तिथलेच. म्हणून स्टेशन वॅगनचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या मागच्या दाराचा इतिहास आहे, आणि पुढील विवेचनाचा रोखही तिकडेच आहे.

सुरुवात रेल्वेपासून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लांबचा प्रवास आगगाडीने होई, आणि स्टेशनावर उतरलेला प्रवासी, त्याच्या पेट्या आणि वळकट्या हॉटेलात किंवा गावाबाहेरच्या बंगल्यावर पोहोचवण्यासाठी एक उघडी, बाकांची गाडी लागे. आधी ती घोड्याची होती. फोर्डची मॉडेल-टी स्वस्त झाल्यावर स्थानिक सुतार आणि गाडीवाले तिच्या चासीवर लाकडी सांगाडा उभारू लागले: वर टप, बाजूंना पडदे, आत दोन-तीन बाके. पुण्यात रेल्वे १८५८ साली आली, आणि स्टेशनावरून पेठांत माणसे व सामान आणण्याचे हेच काम टांग्याने शतकभर केले. टांग्याला मात्र मोटारीचा अवतार लाभला नाही. त्याची जागा रिक्षाने घेतली, आणि रिक्षात ट्रंक मावत नाही.

कारखान्यातून तयार स्टेशन वॅगन विकण्याचा पहिला मान ड्युरंट कंपनीच्या ‘स्टार’ या गाडीकडे जातो, साल १९२३. पण हा प्रकार रुळला तो १९२९ मध्ये फोर्डने मॉडेल-ए च्या मालिकेत स्टेशन वॅगन आणल्यावर. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात आयर्न माउंटन येथे फोर्डची स्वतःची जंगले आणि लाकूड कारखाना होता, म्हणजे कच्चा माल घरचाच. सांगाडा मेपल किंवा ॲशचा, मधल्या फळ्या बर्च किंवा महोगनीच्या. आज या लाकडी वॅगन लिलावात मोठ्या भावाने जातात आणि त्यांच्या मालकांना फार कौतुक वाटते. त्या काळात मात्र ती डोकेदुखी होती. लाकूड पावसात फुगे, उन्हात आकसे, सांधे करकरत, आणि दर वर्षी वॉर्निश न लावल्यास सांध्यांतून कुजायला लागे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांचे सागवान दीडशे वर्षे टिकले ते जागचे हलत नव्हते म्हणून; ताशी ऐंशी किलोमीटरने खड्ड्यांतून जाणाऱ्या लाकडाची गोष्ट निराळी. देखभालीच्या या खर्चामुळे लाकडी वॅगन ही कंपनीच्या यादीतली सर्वांत महाग आणि सर्वांत कमी खपाची गाडी असे. ती घेत ते गावाबाहेर इस्टेट असलेले श्रीमंत, शिकारखाने आणि हॉटेले. १९४१ साली क्रायस्लरने ‘टाउन अँड कंट्री’ काढली; लाकूड ही गरज न राहता मिरवण्याची गोष्ट झाल्याची ती खूण होती.

पोलाद आले आणि गाडी सामान्यांची झाली. शेवरोलेने १९३५ मध्ये ट्रकच्या चासीवर पोलादी ‘सबर्बन’ काढली होती. १९४६ साली विलिसने जीपची पोलादी स्टेशन वॅगन आणली. तिचा आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. मोटारीच्या चासीवर पूर्ण पोलादी वॅगन दिली प्लिमथने, १९४९ च्या ‘सबर्बन’ मध्ये. तिला दोनच दारे होती, दिसायला ती साधी होती, पण तिला वॉर्निश लागत नव्हते आणि किंमत आवाक्यात होती. चार वर्षांत निकाल लागला. खऱ्या लाकडाची शेवटची मोठी अमेरिकन वॅगन ब्युइकची, १९५३ सालची.

लाकूड गेले, पण लाकडाची हौस गेली नाही. फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ १९५० पासून होती. १९५२ नंतर तिच्या पोलादी अंगावर थ्री-एम कंपनीचा ‘डाय-नॉक’ नावाचा, लाकडाच्या रेषा छापलेला प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला जाऊ लागला आणि भोवती खऱ्या लाकडाच्या, पुढे फायबरग्लासच्या पट्ट्या आल्या. प्लायवूडवर सनमायका चिकटवून सागवानी कपाट म्हणून विकण्याचाच हा प्रकार. गंमत अशी की या खोट्या लाकडाची गाडी साध्या रंगाच्या गाडीपेक्षा महाग होती आणि तीच अधिक प्रतिष्ठेची मानली गेली. कंट्री स्क्वायर चाळीस वर्षे, म्हणजे १९९१ पर्यंत चालली. आज कुणी ‘जुनी अमेरिकन वॅगन’ म्हटले की डोळ्यांपुढे बाजूला तपकिरी पट्टा असलेली लांबलचक गाडी येते, ती हीच.

एवढी मोठी गाडी लागली कुणाला? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती पसरल्या. दुकान, शाळा, कचेरी सगळे मोटारीच्या अंतरावर गेले, आणि घरात तीन-चार मुले असणे ही नेहमीची बाब होती. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे मंजूर झाले. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खे कुटुंब, कुत्रा आणि तंबू घेऊन हजारो किलोमीटर जाणे शक्य झाले. पेट्रोल १९७२ च्या सुमारास गॅलनला साधारण ३६ सेंट होते. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. साडेसात लिटरचे इंजिन लिटरला चार-पाच किलोमीटर देई आणि कुणाला त्याचे वाईट वाटत नसे.

आता मागचे दार. लाकडी वॅगनला आडवे दुभंगलेले दार असे: वरची काच बिजागरीवर वर उचलायची, खालचा फाळका ट्रकसारखा साखळीवर खाली सोडायचा. उचललेली काच माणसाच्या डोक्याला लागे आणि चालत्या गाडीत खडखडे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काच फाळक्याच्याच पोटात उतरू लागली. आधी ती बाहेरून किल्लीने किंवा दांडी फिरवून उतरवावी लागे, नंतर विजेची मोटर आली आणि ड्रायव्हर बसल्या जागेवरून मागची काच खाली करू लागला. काच आत घेतल्याशिवाय फाळका पाडता येत नसे, हा नियम तेव्हापासूनचा. वॅगनच्या मालकांना तो सवयीने येई, पाहुण्यांना येत नसे.

खाली पडणारा फाळका लांब सामानाला सोयीचा: दुकानातून शिडी किंवा फळ्या आणायच्या तर तो पाडून ठेवायचा आणि सामानाचे टोक त्यावर टेकवायचे. पण भाजीची पिशवी आत सरकवायची तर पडलेल्या फाळक्याच्या पलीकडून, कमरेत वाकून हात लांब करावा लागे. मुलाला मागच्या बाकावर चढवायचे तर त्याहून कठीण. यावर १९६६ साली फोर्डने जो उपाय काढला तो या साऱ्या इतिहासातली सर्वांत चतुर गोष्ट ठरावी. एकच दार दोन प्रकारे उघडे: एक मूठ ओढली की फाळक्यासारखे खाली पडे, दुसरी ओढली की घराच्या दारासारखे बाजूला उघडे. त्यासाठी एका खालच्या कोपऱ्यातली बिजागरी दोन्ही दिशांना फिरणारी केली होती आणि उरलेल्या कोपऱ्यांत कुलपे अशी जोडली होती की एका वेळी एकाच रीतीने सुटतील. फोर्डने त्याला ‘मॅजिक डोअरगेट’ असे जाहिरातबाज नाव दिले. पुढे काच वर असतानाही दार बाजूला उघडता येऊ लागले. तीन प्रकारांचे हे दार काही वर्षांत बहुतेक सर्व अमेरिकन कंपन्यांनी उचलले.

जनरल मोटर्सला मात्र फोर्डच्या पुढे जायचे होते. १९७१ च्या मोठ्या वॅगनना तिने शिंपल्यासारखे उघडणारे, म्हणून ‘क्लॅमशेल’ म्हटले गेलेले दार दिले. किल्ली फिरवली की काच विजेवर वर सरकून टपाच्या पोटात जाई आणि खालचा पत्र्याचा फाळका फरशीखाली गडप होई. त्यालाही विजेची मोटर मिळत असे. दार बाहेर कुठेच येत नाही. पाठीमागे भिंत असो, दुसरी गाडी खेटून उभी असो किंवा ट्रेलर जोडलेला असो, मागचे तोंड पूर्ण उघडता येई. अडचणीच्या जागेसाठी योजलेले इतके उत्तम दार नेमके सर्वांत अवाढव्य मोटारीला बसवले गेले. पेठेतल्या माणसाला असे दार हवे असते आणि ते छोट्या गाडीवर हवे असते. तशी गाडी कुणीच बनवली नाही. शिवाय या यंत्रणेत वजन होते, रुळांत माती साठे, रबराच्या पट्ट्या सुकल्या की पाणी आत येई आणि मोटर बंद पडली की अर्धवट उघडे दार ढकलताना माणूस हैराण होई. पत्र्याचा फाळका फरशीखाली जाणार म्हणून खालचे बरेचसे पोट रिकामे ठेवावे लागले. १९७७ साली गाड्या लहान करताना जनरल मोटर्सने हे दार गुपचूप सोडून दिले आणि तीन प्रकारांनी उघडणारे दार स्वीकारले. निवाडा स्पष्ट आहे: क्लॅमशेल ही अधिक थक्क करणारी कल्पना, डोअरगेट ही अधिक शहाणी.

दाराच्या आतला प्रश्न बैठकीचा. पुढे एक सलग सोफा, मधे दुसरा. प्रत्येकावर तीन माणसे, गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबावर, त्यामुळे मधल्या माणसाच्या पायांना आडकाठी नाही. तिसऱ्या रांगेची उत्तरे मात्र तीन कंपन्यांनी तीन वेगळी दिली. क्रायस्लरने १९५७ पासून ती उलट्या तोंडाची केली: मुले मागच्या काचेतून सरत जाणारा रस्ता पाहत बसत आणि मागच्या ड्रायव्हरला वाकुल्या दाखवत. फोर्डने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून दोन छोटी बाके समोरासमोर, गाडीच्या बाजूंना पाठ करून लावली. त्यांवर चार मुले बसवून कंपनी दहा प्रवाशांचा हिशेब सांगे. जनरल मोटर्सने क्लॅमशेलच्या गाड्यांत तिसरी रांग पुढे तोंड करून ठेवली. या तिन्ही पद्धतींत बाके फरशीत दुमडून सपाट होत. चार फूट बाय आठ फुटांचे प्लायवूडचे पान आडवे मावते की नाही, ही अमेरिकन गिऱ्हाइकाची कसोटी होती; मोठ्या वॅगनमध्ये ते चाकांच्या कमानींमधून सपाट जाई. सुरक्षिततेच्या आजच्या मापांनी पाहता मागच्या धडकेत सर्वांत आधी सापडणारी जागा मुलांना दिली होती, हे सांगणे भाग आहे.

मागे एवढे वजन येणार म्हणून खालची बांधणीही बदलावी लागे. १९७१-७६ च्या जनरल मोटर्सच्या सेडानना मागे कॉइल स्प्रिंग होत्या, पण त्याच काळातल्या मोठ्या वॅगनना ट्रकसारखे पाटे. फोर्ड आणि जनरल मोटर्स वेगळी चासी ठेवून वर बॉडी बसवत; क्रायस्लरने १९६० पासून बॉडी आणि चासी एकजीव केल्या होत्या. इंजिने सगळ्यांचीच व्ही-८, सात लिटरच्या आसपास, गिअर आपोआप पडणारे. टपावर क्रोमच्या दांड्यांचे कॅरिअर. आणि टपाच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी, जिला अनेक जण शोभेची समजतात. ती शोभेची नाही. मागून सपाट कापलेली गाडी वेगात जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ, चिखल आणि सायलेन्सरचा धूर काचेकडे ओढला जातो. ही पट्टी टपावरून येणारी हवा काचेवरून खाली वळवते आणि काच थोडीफार स्वच्छ राहते. याच कारणाने मागची काच उघडी ठेवून गाडी चालवू नये असा इशारा मालकाच्या पुस्तिकेत असे, कारण तिसऱ्या रांगेतली मुले कार्बन मोनॉक्साइड श्वासात घेत.

वळणवाटाही बऱ्याच निघाल्या. शेवरोलेची दोन दारांची ‘नोमॅड’ १९५५ ते १९५७ अशी तीनच वर्षे चालली. सामान कमी मावणारी, गळणारी आणि आज सर्वांत जास्त हवी असलेली. १९६३ मध्ये स्टुडबेकरने टपाचा मागचा भाग पुढे सरकवण्याची सोय असलेली ‘वॅगनेअर’ काढली; आराखडा पुन्हा ब्रूक्स स्टीव्हन्सचा. उभा फ्रिज घरी नेता येतो असे तिचे सामर्थ्य, आणि पावसात आतून भिजणे हे तिचे दुखणे. ओल्ड्समोबिलची १९६४ ची ‘व्हिस्टा क्रूझर’ आकाराने मध्यम होती, पण तिचा टप दुसऱ्या रांगेवर उंचावून त्यात काच बसवली होती. ही कल्पना अमेरिकन रेल्वेच्या काचेच्या घुमटांच्या डब्यांवरून आलेली. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन एक्स्प्रेसला २०२१ साली जो व्हिस्टाडोम डबा जोडला गेला, तो त्याच घराण्यातला.

ऱ्हासाची कारणे सर्वपरिचित आहेत. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलसाठी रांगा लागल्या. १९७५ च्या कायद्याने, १९७८ पासूनच्या मोटारींसाठी, कंपनीच्या सर्व गाड्यांची मिळून इंधनाची सरासरी ठरवून दिली. हलक्या ट्रकना वेगळे आणि सैल माप होते. म्हणजे तीच माणसे आणि तेच सामान ट्रकच्या चासीवर नेले तर कंपनीची सुटका होई. १९८३ च्या उन्हाळ्यात ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ या चित्रपटाने कंट्री स्क्वायरवर हिरवा रंग आणि खोटे लाकूड जास्तच थापून स्टेशन वॅगनची टर उडवली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्रायस्लरची मिनिव्हॅन बाजारात आली: साडेचार मीटरच्या आत, पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणून फरशी खाली आणि आत जागा अधिक. कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये थांबली. जनरल मोटर्सची ब्युइक रोडमास्टर आणि शेवरोले कॅप्रिस या शेवटच्या दोन मोठ्या वॅगन टेक्सासमधल्या आर्लिंग्टन कारखान्यातून डिसेंबर १९९६ मध्ये बाहेर पडल्या आणि ती ओळ खुंटली. वाताहतीचा दोष बऱ्याचदा मिनिव्हॅनला दिला जातो. खरे पाहता वॅगनला कायद्याच्या ट्रक-मोटार या भेदाने मारले.

महाराष्ट्रात अमेरिकन मोटारीचे राज्य एके काळी होते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला शेवरोलेची जुळणी सुरू केली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या. उंच चासी आणि दणकट पाटे यांमुळे या गाड्या खडीच्या रस्त्यांना इंग्रजी गाड्यांपेक्षा मानवत. पण जुळणीत भर होता सेडानवर. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, फोर्डही गेली. म्हणजे पोलादी वॅगन अमेरिकेत घरोघर पोहोचत होती नेमक्या त्या वर्षांत तिचा इकडचा रस्ता बंद झाला. पुढे आल्या त्या वकिलातींच्या मोजक्या गाड्या, बहुधा डावीकडे स्टेअरिंग असलेल्या, ज्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत विकल्या जात. मुंबईतल्या डॉज आणि प्लिमथ मोठ्या टॅक्सी म्हणून पुढेही धावत राहिल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा त्यांच्या बोनेटखाली पर्किन्सची डिझेल इंजिने बसली.

स्टेशन वॅगनचे काम मात्र इथे अडले नाही. ते जीपने केले. मोठे कुटुंब, लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन आणि शेतमाल यांसाठी ट्रकच्या चासीवरची, मागे समोरासमोर बाके असलेली गाडी महाराष्ट्राने पसंत केली. महिंद्रच्या जीपनंतर बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, आणि १९९४ साली पुण्यात टेल्कोची सुमो. तिचे नाव कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून. सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून ज्यांनी कोल्हापूर गाठले आहे त्यांना फोर्डच्या दहा प्रवाशांच्या हिशेबाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अमेरिकेत कायद्याने जी वळवणूक १९७८ नंतर घडवली, ती इथे रस्त्यांनी आणि करांनी आधीच घडवली होती.

खरीखुरी स्टेशन वॅगन बनवण्याचा प्रयत्नही पुण्यातच झाला, हे नारायण पेठेतल्या वाचकाने ध्यानात ठेवावे. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल पिकअप काढली, १९९१ मध्ये तिच्यावरून सिएरा आणि १९९२ मध्ये टाटा इस्टेट. पाच दारे, १,९४८ सीसीचे डिझेल इंजिन, पॉवर स्टेअरिंग आणि विजेवर चालणाऱ्या काचा: त्या वेळच्या भारतीय मोटारीत ही ऐट होती. अमेरिकन मापाने ती छोटीच, साडेचार मीटरच्या आत. तरी कल्पना तीच: पिकअपची चासी, मागे वर उघडणारे दार आणि सपाट फरशी. इंजिन वजनाच्या मानाने अशक्त होते. त्याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची. मोटार ही प्रतिष्ठेची वस्तू मानणाऱ्याला डिकी हवी होती, मागून कापलेली गाडी त्याला ॲम्ब्युलन्ससारखी वाटे. आणि माणसे भरून न्यायची असणाऱ्याला सुमोत दुप्पट जागा मिळे. इस्टेट या दोहोंच्या मधे सापडली. २००४ च्या इंडिगो मरीनाचीही गत तीच झाली.

मराठी कुटुंबांची मोठ्या वॅगनशी जवळीक झाली ती अमेरिकेत. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या पहिल्या पिढीला १९७३ नंतर जुनी मोठी गाडी स्वस्तात मिळे, कारण पेट्रोल महागल्याने मूळ मालक ती काढून टाकत होते. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले तेव्हा गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम शाळांच्या भाड्याच्या सभागृहांत होत. मखर, पेटी-तबला आणि जेवणाची पातेली नेण्याच्या कामात प्लायवूडचे पान मावणारी फरशी कामाला येणारच.

जुनी वॅगन तपासायची असेल तर पुन्हा मागूनच सुरुवात करावी. फाळक्याच्या खालच्या कडेला, काच उतरते त्या खाचेत आणि मागच्या चाकांच्या कमानींत गंज सर्वांत आधी लागतो. विजेची काच चालते का हे पाहण्याआधी फरशीच्या गालिच्याखाली ओल आहे का हे पाहावे. लाकडाचा पापुद्रा उन्हाने फाटलेला असेल, तर नवा चिकटवण्याआधी खालचा पत्रा पारखावा. पापुद्र्याखालचा गंज दिसत नाही. इंजिन आणि गिअरचे सुटे भाग अमेरिकेत अजून मिळतात, कारण ते सेडान आणि ट्रकमध्येही होते. मागचे दिवे, लांब बाजूच्या काचा आणि दाराच्या रबरी पट्ट्या मिळत नाहीत, कारण ते फक्त वॅगनचे होते.

भारतात अशा गाडीची कायदेशीर स्थिती २०२१ च्या जुलैमध्ये स्पष्ट झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने खासगी दुचाकी किंवा चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. वाहन मूळ रूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अटही आहे. म्हणजे ज्या डिझेल इंजिनांनी मुंबईच्या डॉज जगवल्या, त्यांनीच त्यांचा विंटेज म्हणवून घेण्याचा हक्क घालवला. क्लॅमशेलच्या दारांच्या सर्व वॅगन २०२६ पर्यंत या वयोमर्यादेत येतात. पुण्यात बनलेली १९९२ सालची पहिली टाटा इस्टेट तिथे पोहोचायला २०४२ साल उजाडेल. ज्यांच्या दारात ती अजून उभी आहे त्यांनी तिचे मूळ इंजिन बदलू नये.